चालू औष्णिक संचाला सौर उष्णतेची जोड: उष्णता नेमकी कुठे द्यावी?

हीटबॅलन्स (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ५०० मेगावॉटच्या एका सबक्रिटिकल कोळसा संचाला सौर उष्णता जोडता येईल का, याचा प्राथमिक अभ्यास हातात आहे. संचाची माहिती अशी: मुख्य वाफ १७० बार आणि ५३७ अंश, फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) ताशी १५५० टन, तीन एलपी (कमी दाबाचे) हीटर, डीएरेटर (पाण्यातले विरघळलेले वायू काढणारी टाकी), दोन एचपी (जास्त दाबाचे) हीटर. शेवटच्या एचपी हीटरमध्ये (क्र. ६) पाणी २०२ अंशांवरून २५३ वर जातं आणि त्याला वाफ मिळते ती कोल्ड रीहीट लाइनमधून (एचपी टर्बाइनमधून निघून पुन्हा तापायला जाणारी वाफ), ४२ बारच्या आसपास. जागेवर डीएनआय (सूर्याकडून थेट येणारं ऊन) वर्षाला चौरस मीटरमागे २००० युनिट धरला आहे.

अडलेल्या गोष्टी तीन. उष्णता फीडवॉटरला द्यावी की थेट मुख्य वाफेत वाफ घालावी? ट्रफ (पन्हळीसारखे वक्र आरसे) आणि तेल बरं, की फ्रेनेल (जमिनीलगतच्या आरशांच्या पट्ट्या) आणि थेट वाफ? आणि ढग आल्यावर संच कसा सांभाळायचा? याच अभ्यासात गॅसवरच्या कंबाइंड सायकलचाही (गॅस टर्बाइन आणि त्याच्या धुरावर चालणारं स्टीम टर्बाइन) पर्याय आहे, त्यावरही जाणकारांनी लिहावं.

वाफेचा_हिशेब

मुख्य वाफेचा विचार सोडून द्या. बायफिनाइल आणि डायफिनाइल ऑक्साइडच्या मिश्रणाचं जे तेल ट्रफमध्ये सर्रास वापरतात, त्याची मर्यादा ३९३ ते ४०० अंश. त्यातून निघणारी वाफ फार तर ३७०-३८० अंशांची. ती ५३७ अंशांच्या वाफेत मिसळणं म्हणजे महागात तापवलेली वाफ थंड करणं. शिवाय १७० बारच्या लाइनमध्ये नवा सांधा कोणी सहजासहजी घालू देणार नाही.

हीटर क्र. ६ ही योग्य जागा आहे आणि त्याचं कारण साधं आहे: सगळ्या हीटरांत सर्वांत जास्त कामाची वाफ तोच खातो. तीच वाफ वाचली तर टर्बाइनमध्ये सर्वांत जास्त वीज देते. तुमच्याच आकड्यांवरून बघू. १५५० टन म्हणजे सेकंदाला ४३० किलो. २०२ ते २५३ अंशांत एन्थाल्पी (पाण्यातली उष्णता) किलोमागे साधारण २३३ किलोज्यूलने वाढते. म्हणजे हा हीटर पूर्ण भारावर १०० मेगावॉट उष्णता घेतो.

पूर्ण १०० घेऊ नका, निम्मी घ्या. ५० मेगावॉट सौर उष्णता दिली की सेकंदाला सुमारे २३ किलो एक्स्ट्रॅक्शन वाफ (टर्बाइनकडून हीटरसाठी काढलेली) वाचते. ही वाफ आता रीहीटरमधून (वाफ पुन्हा तापवणारा बॉयलरचा भाग) जाऊन आयपी (मध्यम दाबाच्या) आणि एलपी टर्बाइनमध्ये पसरते. इथे बऱ्याच अहवालांत गफलत होते. रीहीटरला या जादा वाफेसाठी किलोमागे ४६० किलोज्यूल, म्हणजे १० मेगावॉटच्या वर उष्णता बॉयलरकडूनच द्यावी लागते. हीटर ६ चं ड्रेन (वाफ थंडावून झालेलं पाणी) हीटर ५ मध्ये उतरतं, तेही निम्मं होतं, म्हणून हीटर ५ आणि पुढे डीएरेटर जास्त वाफ ओढतात. जनरेटरवर २० मेगावॉटच्या आसपास वाढ दिसेल. त्यातून जादा कोळशाचा वाटा वजा केला की सौर उष्णतेच्या नावावर सुमारे १७ मेगावॉट उरतात. उष्णतेच्या ३५ टक्के. स्वतंत्र ट्रफ प्रकल्पात तेल ३९३ अंशांपर्यंत तापवून जेवढं मिळतं त्याच्या जवळपासच हे आहे, आणि इथे तेल ३२० अंशांच्या वर नेण्याची गरज नाही. नवं टर्बाइन, कंडेन्सर, कुलिंग टॉवर, स्विचयार्ड काहीच नाही. जोड देण्यातला खरा फायदा एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

निम्मी का, तेही सांगतो. आयपी-एलपीमधला प्रवाह ६ टक्क्यांनी वाढतो. एलपीची शेवटची पाती, थ्रस्ट बेअरिंग, जनरेटर, कंडेन्सरची निर्वात स्थिती, सगळ्यांवर तो भार येतो. बहुतेक संच एचपी हीटर बंद ठेवून काही मर्यादेपर्यंत चालवता येतात, पण ती मर्यादा टर्बाइन उत्पादकाच्या हीट बॅलन्समध्ये (वाफ आणि उष्णतेच्या ताळेबंदात) लिहिलेली असते. ती अंदाजाने धरू नये. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी, म्हणजे सौर उष्णता शिगेला असते तेव्हाच, कंडेन्सर सर्वांत अडचणीत असतो.

जादा वीज नको असेल तर भार तोच ठेवून कोळसा कमी करा. उष्णतेचा हिशेब तोच राहतो, टर्बाइनवर ताण येत नाही.

आरसेवाला

वरच्या ५० मेगावॉटसाठी फील्ड किती लागेल ते मांडतो.

डिझाइनला डीएनआय ८०० वॉट आणि फील्डची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर ९२,००० चौरस मीटर आरसा लागतो. ५.७७ मीटर रुंद आणि १५० मीटर लांब कलेक्टरचं निव्वळ छिद्रक्षेत्र (ऊन पकडणारं क्षेत्र) ८१७ चौ. मी. असतं. म्हणजे ११२ कलेक्टर, चाराचा एक लूप धरून २८ लूप. आरशाच्या साडेतीन पट जमीन धरा, ३२ हेक्टर.

तेल २२२ अंशांवर फील्डमध्ये जाऊन ३२० वर परत येईल असं ठरवा. थंड टोकाला पाण्यापेक्षा २० अंश वर, गरम टोकाला ६७ अंश वर. लूपमागे सेकंदाला ८ किलो तेल बसतं, ते ७० मिमी रिसीव्हर नळीला ठीक आहे. काही जण पंपाची शक्ती वाचवायला तेल ३९० पर्यंत नेतात. इथे तसं करू नये. उष्णता हवी २५३ ला आणि तेल तापवायचं ३९० ला, तर नुसता तोटा वाढतो. शिवाय तेल जितकं गरम तितकं ते लवकर तुटतं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. तो रिसीव्हरच्या पोलादी नळीतून झिरपून काचेच्या आतल्या निर्वात जागेत शिरतो. तसं झालं की रिसीव्हरची उष्णता कित्येक पटीने बाहेर पडू लागते आणि काच हात लावण्याजोगी राहत नाही. थर्मल कॅमेऱ्याने रांग बघितली की अशा नळ्या लगेच उठून दिसतात. ३२० अंशांवर हा त्रास फारच कमी.

खरा महागडा भाग हीट एक्स्चेंजर. पाण्याच्या बाजूला बॉयलर फीड पंपाचा २०० बारचा दाब, तेलाच्या बाजूला फार तर १५-२०. नळी फुटली तर पाणी तेलात शिरतं, तिथल्या तिथे त्याची वाफ होते आणि तेलाच्या पाइपात दाबाचा धक्का बसतो. म्हणून तेलाच्या बाजूला रप्चर डिस्क (जादा दाबाला फाटणारी चकती), तिच्यापुढे तेल-वाफ वेगळी करणारी टाकी, आणि पाण्याच्या दोन्ही टोकांना काही सेकंदांत मिटणारे झडप अत्यावश्यक. जाड ट्यूबशीटऐवजी (नळ्यांची टोकं बसवलेली पोलादी चकती) हेडरवर वेटोळ्या नळ्या जोडलेला एक्स्चेंजर घ्या. रोज गरम-गार होण्यात जाड ट्यूबशीटला तडे जातात.

तेल १२ अंशांना गोठतं आणि साध्या हवेच्या दाबाला २५७ अंशांना उकळतं. त्यामुळे एक्स्पान्शन टाकीवर नायट्रोजनचा दाब कायम हवा, आणि तुटलेल्या तेलातले बेन्झीन, फिनॉल काढणारी यंत्रणाही. ही टाकी बॉयलर आणि कोळशाच्या पट्ट्यांपासून दूर ठेवा. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॅगेट इथे सेग्स या ट्रफच्या सौर प्रकल्पात तेलाच्या टाकीला मोठी आग लागली होती, ते उदाहरण डोळ्यांपुढे असू द्या.

आणि राख. कोळसा केंद्राशेजारी आरसे मांडायचे तर वर्षभराची वाऱ्याची दिशा आधी बघा. कोळशाचा यार्ड, राखेचा बंधारा आणि कुलिंग टॉवर, तिन्हींच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला फील्ड हवं. स्वच्छ आरशाची परावर्तकता ९३-९४ टक्के असते. ती ८५ वर आली की उष्णता त्याच प्रमाणात घटते. कुलिंग टॉवरच्या तुषारांतले क्षार राखेबरोबर वाळले तर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाहीत, ब्रश लागतो. धुण्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी धरा.

ड्रमलेव्हल

आरसेवाला यांच्या आकड्यांवर हरकत नाही, पण २०० बारचा एक्स्चेंजर मुळातच टाळता येतो.

लिनियर फ्रेनेलमध्ये पाणी तापवून ४५ बारची संपृक्त (उकळबिंदूवरचीच) वाफ तयार करा आणि ती हीटर ६ च्या एक्स्ट्रॅक्शन लाइनमध्ये, नॉन-रिटर्न झडपेच्या हीटरकडच्या बाजूला सोडा. हीटर जसा आहे तसाच राहतो. ५० मेगावॉटसाठी ताशी ९५ टन वाफ पुरते. ऑस्ट्रेलियात लिडेल केंद्रात फ्रेनेल कोळसा संचाला याच विचाराने जोडलं होतं, फीडवॉटर तापवण्यासाठी.

दोन गोष्टी जपा. कोल्ड रीहीटची वाफ अतितप्त (उकळबिंदूच्या वर तापलेली) असते आणि हीटरचा पहिला भाग त्या जादा उष्णतेसाठीच बांधलेला असतो. संपृक्त वाफ दिली की तो भाग निकामी ठरतो, पाणी २५३ ऐवजी दोन-तीन अंश खालीच थांबतं. दुसरं म्हणजे वाफेतला ओलावा. सेपरेटर ड्रम आणि वाफेच्या पाइपात ठिकठिकाणी ट्रॅप हवेत, नाहीतर हीटरच्या तोंडाशी नळ्या झिजतात.

रसायनाचं दुखणं मात्र खरं आहे. फील्डमधलं पाणी तुमच्याच चक्रातलं. रोज सकाळी पाइप थंडावून पुन्हा तापले की लोहाचे कण सुटतात. म्हणून सकाळची पहिली वाफ हीटरला द्यायची नाही. ती फ्लॅश टाकीतून कंडेन्सरकडे, कंडक्टिव्हिटी आणि सिलिका मर्यादेत आले की मगच हीटरकडे. कंडेन्सेट पॉलिशर (चक्रातलं पाणी रेझिनने शुद्ध करणारी यंत्रणा) नसेल तर हा पर्याय मी सुचवणार नाही. तेलाच्या पर्यायातही तेल पाण्यात येऊ शकतं, संच बंद असताना, पाण्याचा दाब उतरलेला असतो तेव्हा. तेलाचा अंश पॉलिशरच्या रेझिनवर बसला तर रेझिन टाकूनच द्यावं लागतं.

आरसेवाला

पॉलिशरची अट मान्य. फ्रेनेलची प्रकाशीय कार्यक्षमता ट्रफपेक्षा कमी आणि सकाळ-संध्याकाळ ती आणखी घसरते, म्हणून तेवढ्याच वार्षिक उष्णतेसाठी आरसा जास्त लागेल. मात्र आरसे जमिनीलगत आणि दाटीने बसतात, त्यामुळे जमीन त्या मानाने वाढत नाही. जागा अडचणीची असेल तर फ्रेनेल, पॉलिशर नसेल तर तेल.

हीटबॅलन्स

फार उपयोगी माहिती, आभार. पॉलिशर आहे. ढगांचं आणि रात्रीचं कोणी सांगेल का? सौर शाखा हीटर ६ ला समांतर घेतली असं धरून.

ड्रमलेव्हल

समांतर घेतलीत तर अर्धं काम सोपं. एक्स्ट्रॅक्शन हीटरला झडप उघडून वाफ द्यावी लागत नाही, थंड पाणी जास्त आलं की तो आपोआप जास्त वाफ ओढतो. म्हणजे नियंत्रण करायचं ते फक्त पाण्याच्या वाटणीचं. सौर शाखेतून बाहेर पडणारं पाणी २५३ अंशांवर पकडून ठेवायचं. तेल थंड पडू लागलं की त्या शाखेचं पाणी कमी करायचं, उरलेलं हीटर ६ कडे जातं.

ढग आला म्हणून उष्णता तत्क्षणी थांबत नाही. ६०० मीटरच्या लूपमध्ये तेल सेकंदाला २ मीटर वेगाने जात असेल तर टोकापासून टोकापर्यंत ५ मिनिटं, वर मुख्य पाइपातलं तेल. एवढा अवकाश पाण्याची वाटणी बदलायला पुरतो. पण पाणी एकदम वळवू नका. हीटरच्या ट्यूबशीटला मिनिटाला २-३ अंशांपेक्षा वेगाने तापमान बदलू देऊ नये. सर्वांत आधी गडबड होते ती ड्रेन लेव्हलची. वाफ दुप्पट झाली की ड्रेनही दुप्पट. लेव्हल कंट्रोलर एकाच भारासाठी जुळवलेला असेल तर हाय-हाय लेव्हलला हीटर ट्रिप होतो आणि ऐन ढगात दोन्ही आधार सुटतात. बॉयलरला मग एकाएकी २०२ अंशांचं पाणी मिळतं. म्हणून ड्रेनचं झडप ३० ते १०० टक्के वाफेच्या पल्ल्यात तपासून घ्या.

रात्री सौर शाखेतून ५ टक्के पाणी चालू ठेवा म्हणजे एक्स्चेंजर गार पडत नाही. तेवढं न तापलेलं पाणी मिसळल्याने अंतिम तापमान अडीच अंशांनी उतरतं. ते नको असेल तर हीटर ६ नंतरच्या गरम पाण्याची बारीक लाइन उलट दिशेने द्या.

बॉयलरच्या बाजूला रीहीटचं तापमान बघा. रीहीटरमधला प्रवाह ६ टक्क्यांनी कमी-जास्त होतो, ढगाळ दिवशी दिवसातून कैक वेळा. बर्नर टिल्ट (ज्योतीचा कोन) आणि स्प्रे (वाफ थंड करणारा पाण्याचा फवारा) त्यामागे धावत राहतात. सौर शाखेच्या पाण्याचा सिग्नल रीहीट नियंत्रणाला आगाऊ देऊन ठेवलात तर ही धावपळ थांबते.

गॅससायकल

कंबाइंड सायकलबद्दल लिहितो, कारण तिथलं गणित वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे.

गॅस टर्बाइनचा धूर ६०० अंशांच्या आसपास एचआरएसजीमध्ये (धुराच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरमध्ये) येतो आणि थंड होत जातो. पाणी मात्र उकळताना एकाच तापमानावर थांबून राहतं. त्यामुळे इव्हॅपोरेटरच्या (पाणी उकळवणाऱ्या भागाच्या) टोकाशी दोघांची तापमानं अगदी जवळ येतात, आणि किती वाफ निघणार हे तिथेच ठरतं. सौर तेल नेमकी हीच उणीव भरून काढतं: ३९३ अंशांचं तेल १०० बारला, म्हणजे ३११ अंशांवर, पाणी उकळवायला उत्तम. इकॉनॉमायझरमधून (उकळण्याआधी पाणी तापवणाऱ्या भागातून) थोडं पाणी जास्त घ्या, सौर बॉयलरमध्ये उकळवा, ती वाफ ड्रमच्या पुढे सुपरहीटरच्या तोंडाशी आणून सोडा. अतितप्त करायचं काम धूरच करतो. चिमणीचा धूरही थोडा आणखी थंड होऊन बाहेर पडतो. सौर उष्णतेला ५४० अंशांच्या चक्राची कार्यक्षमता मिळते, तेल ४०० च्या आत राहूनही.

दुसरा मेळ हवेच्या तापमानाचा. गॅस टर्बाइन १५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला अर्धा ते पाऊण टक्का शक्ती गमावतं. ४० अंशांच्या दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास तूट, धूरही कमी, म्हणून वाफही कमी. त्याच वेळी सौर वाफ भरपूर. चालू प्रकल्पातल्या स्टीम टर्बाइनमध्ये ही मोकळी जागा आधीच असते, विशेषतः डक्ट बर्नरसाठी (धुराच्या वाटेत जादा गॅस जाळणारे बर्नर) ते मोठं घेतलेलं असेल तर. फ्लोरिडात मार्टिन केंद्रात २०१० मध्ये ७५ मेगावॉटची सौर वाफ चालू कंबाइंड सायकलला जोडली, ती याच मार्गाने.

नव्या प्रकल्पात मात्र पेच आहे. सौर वाफेसाठी टर्बाइन मोठं घेतलं की रात्री ते अर्धपोटी चालतं. दाब घसरतो, कार्यक्षमता उतरते, आणि रात्रीचे तास दिवसाच्या सौर तासांपेक्षा कितीतरी जास्त. दिवसा वाचवलेला गॅस रात्री काही अंशी परत जळतो. म्हणून सौर वाटा लहान ठेवावा लागतो. मोरोक्कोत ऐन बेनी मथार इथे ४७० मेगावॉटमध्ये सौर २०, इजिप्तमध्ये कुरैमात इथे १४० मध्ये २०, अल्जीरियात हासी र'मेल इथे १५० मध्ये २५ च्या आसपास.

बिघाडाची जागा सुपरहीटर. सौर वाफ अचानक गेली की तेवढ्याच धुरात कमी वाफ उरते आणि तापमान झपाट्याने चढतं. अटेम्परेटरचा (वाफ थंड करणाऱ्या यंत्रणेचा) स्प्रे पूर्ण उघडूनही पुरला नाही तर टर्बाइन ट्रिप. स्प्रेची क्षमता सौर वाफ शून्य आणि गॅस टर्बाइन पूर्ण भार या स्थितीसाठी मोजा. सौर वाफ पूर्ण आणि भार कमी ही उलटी स्थितीही तपासा, तेव्हा वाफ पुरेशी तापत नाही.

वाफेचा_हिशेब

वर्षभराचा हिशेब आधीच समोर ठेवा. तुमच्या ९२,००० चौ. मी. वर वर्षाला १८४ दशलक्ष युनिट ऊन पडतं. वार्षिक ५० टक्के कार्यक्षमतेने ९२ दशलक्ष युनिट उष्णता, त्यातून ३२ दशलक्ष युनिट वीज. किलोला ४००० किलोकॅलरीचा कोळसा आणि युनिटला २४०० किलोकॅलरी धरले तर वर्षाला १९ हजार टन कोळसा वाचतो. संचाच्या एकूण विजेत हा वाटा १ टक्क्याच्या आसपास. कोणी तीन-चार टक्के सांगत असेल तर तो दुपारच्या शिखराचा आकडा वर्षभराला लावतो आहे.

त्यामुळे उरलेलं आयुष्य फार महत्त्वाचं. कोलोरॅडोत कॅमिओ केंद्रात २०१० मध्ये ट्रफने फीडवॉटर तापवून दाखवलं, पण ते केंद्रच बंद व्हायच्या टप्प्यावर होतं. ऑस्ट्रेलियात कोगन क्रीकच्या ७५० मेगावॉट संचाला ४४ मेगावॉटची जोड द्यायचं काम सुरू झालं आणि २०१६ मध्ये ते अर्धवट सोडून दिलं. संचाची निदान १५-२० वर्षं उरलेली नसतील तर यात पडू नये. नुसती वीज हाच हेतू असेल तर त्याच ३२ हेक्टरवर पीव्ही (उन्हापासून थेट वीज देणारी पॅनेल) लावून काय मिळतं, ते शेजारच्या रकान्यात लिहाच.

आरसेवाला

कोळसा-गॅस सोडून दोन जोड्या लक्षात घ्या. जैवइंधन: स्पेनमध्ये बोर्जेस इथे २२.५ मेगावॉटचा प्रकल्प २०१२ पासून आहे, ऊन नसताना जैवइंधनाच्या भट्ट्या तेच तेल तापवतात आणि टर्बाइन रात्रीही चालतं. अशा भट्टीला रोज विझवणं मानवत नाही, आतल्या विटांचं अस्तर तडकतं. तिला किमान ३०-४० टक्क्यांवर तेवत ठेवून फील्डचं माप ठरवावं.

भूऔष्णिक: नेवाडात स्टिलवॉटर इथे ३३ मेगावॉटच्या बायनरी (विहिरीच्या उष्णतेवर दुसरा द्रव उकळवणाऱ्या) केंद्राला आधी पीव्ही आणि मग ट्रफ जोडले. हवेने थंड होणारा कंडेन्सर दुपारी ढिला पडतो, तीच वेळ सौर उष्णता भरून काढते. विहिरीचं पाणी मात्र थेट रिसीव्हरमधून नेऊ नका, तापवल्यावर कॅल्साइटचा थर धरतो. मध्ये डीएम पाण्याचं बंद चक्र ठेवा.

साठवण हवी असेल तर वेगळाच आराखडा लागतो. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेटचं मीठ २४० च्या आसपास गोठू लागतं, थंड टाकी २९० ला ठेवावी लागते. तुमच्या २२२ अंशांच्या परतीच्या तेलाला ते चालणारच नाही. चिलीत सेरो डोमिनाडोर इथे दिवसा १०० मेगावॉट पीव्ही आणि रात्रीसाठी साडेसतरा तासांच्या मिठाच्या साठ्यावर ११० मेगावॉटचा टॉवर असा मेळ घातला आहे. तिथे कोळशाचं टर्बाइन मधे नाही, म्हणून ते जमतं.

हीटबॅलन्स

हीटर ६ बंद आणि निम्मा, अशा दोन्ही स्थितींचे हीट बॅलन्स टर्बाइन उत्पादकाकडून मागवतो. १००, ८० आणि ६० टक्के भार पुरतील ना?

वाफेचा_हिशेब

५५ टक्केही मागवा. दुपारी ग्रिडवर पीव्ही जास्त असतो तेव्हा संच तिथेच उतरवला जातो, म्हणजे तुमची सौर उष्णता नेमकी त्याच भारावर येणार. तेव्हा फीडवॉटर निम्मं, एक्स्ट्रॅक्शनचा दाबही निम्म्याच्या आसपास. हीटर ६ ला पूर्ण भाराच्या निम्म्याहूनही कमी उष्णता लागेल, आणि ५० मेगावॉटचं फील्ड तेवढंच मोठं राहील. जादा आरसे उन्हातून वळवून ठेवण्याचे तास किती, हे त्या एका पानावरून कळेल. फील्डचं अंतिम माप त्यानंतरच ठरवा, मला ते ५० पेक्षा खालीच येईल असं वाटतं.